'धार्मिक शिक्षण', 'धर्मशिक्षण' की आणखी काही?

नेरुळकर
शाळेत सहावीपासून आठवड्याला एक तास मुलांना वेगवेगळ्या धर्मांची माहिती द्यायचं ठरतंय. वर्गात आगरी, मल्याळी ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन, कोकणी मुसलमान अशी सगळी मुलं आहेत. पालकांना जाणारं मराठी पत्रक माझ्या गळ्यात पडलंय. कच्च्या मसुद्यात 'धार्मिक शिक्षणाचा तास' असं होतं आणि तेवढ्यावरून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जुंपली. "कुणाचं धार्मिक?" असं एकांनी विचारलं, ते मला पटलं. मग शब्द कोणता वापरू? 'धर्मशिक्षण' चालेल?

समासवाला
नाही चालणार. विग्रह करून बघा: धर्माचे शिक्षण. आता हे 'धर्माचे' म्हणजे धर्माविषयीचे, की धर्माने घालून दिलेले? षष्ठी दोन्ही पोटात घालते आणि वर काही कळू देत नाही. शिवाय समासात वचन लोपतं. एक धर्म की अनेक, हे 'धर्मशिक्षण' सांगतच नाही आणि तुमच्या पालकांचं भांडण नेमकं त्यावर आहे.

'धार्मिक' तर त्याहून अवघड. 'त्या फार धार्मिक आहेत' म्हटलं की सोमवार-चतुर्थी पाळणाऱ्या बाई डोळ्यांसमोर येतात, धर्मांचा अभ्यास करणाऱ्या नव्हे. 'शारीरिक शिक्षणा'च्या तासाला मुलं खरोखर धावतात, घाम गाळतात. त्याच चालीवर 'धार्मिक शिक्षण' वाचणाऱ्याला वाटणार, मुलांकडून पूजा, नमाज, प्रार्थना करून घेणार.

घोडबंदर रोड
हा घोळ फक्त पत्रकातला नाही. संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत द्यायचं तर मुलावर सक्ती नाही, पालकांची संमती लागते. मूळ इंग्रजीत तिथे 'इन्स्ट्रक्शन' आहे, 'एज्युकेशन' नाही. मराठीत दोन्हींना आपण 'शिक्षण'च म्हणतो, त्यामुळे मराठीतून वाचणाऱ्याला वाटतं, शाळेत धर्माचं नावच काढायचं नाही.

शिक्षणाविषयीच्या कोठारी आयोगाने (१९६४–६६) हे दोन वेगळे केले होते: एका धर्माची शिकवण देणं वेगळं आणि सगळ्या धर्मांविषयी माहिती देणं वेगळं. २००२ मध्ये शालेय अभ्यासक्रमावरच्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तोच फरक धरला आणि धर्मांविषयी शिकवायला २८ ची आडकाठी नाही, असं म्हटलं. तुमचा तास दुसऱ्या प्रकारात बसतो. पत्रकातही तसंच दिसू दे.

समासवाला
मग उत्तर तुम्हीच दिलंत की. 'शिकवण' हा शब्द मराठीत आहेच. संतांची शिकवण, आईची शिकवण. ती ऐकून वागायचं असतं. 'शिक्षणा'त तसं बंधन नाही. भूमिती शिकून कुणी त्रिकोणाचा भक्त होत नाही.

लेस्टरची मावशी, माहेर वाशी
आमच्याकडे इंग्लंडातही हीच पाटी बदलली. १९४४ च्या कायद्यात 'रिलिजस इन्स्ट्रक्शन' होतं, १९८८ च्या कायद्याने 'रिलिजस एज्युकेशन' केलं. नातवाच्या शाळेत दिवाळी, ईद, गुरू नानक सगळं शिकवतात. पालकांना नको असेल तर मुलाला त्या तासाला बसवू नका, असं कळवायची मुभा अजून आहे. भारतीय पालक बहुधा वापरत नाहीत. आपला सण आला की उलट डबा भरून पाठवतात.

नेरुळकर
'मूल्यशिक्षण' लिहून सुटका करून घेऊ का? कुणी भांडणार नाही.

निवृत्त बाई, कळवा
भांडणार नाही, कारण कुणाला काही कळणारच नाही. परिपाठात आम्ही मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं घ्यायचो. त्यात वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा यांच्याच रांगेत 'सर्वधर्मसहिष्णुता' उभी. तो शब्द मला तेव्हाही खटकायचा. सहिष्णुता म्हणजे सहन करणं. शेजारच्या बाकावरची फातिमा काय सहन करायची गोष्ट आहे? 'समभाव' त्यापेक्षा बरा, पण परिपाठाच्या दहा मिनिटांत समभाव म्हणजे फळ्यावर चार चिन्हं काढायची आणि टाळ्या वाजवायच्या. कॉन्व्हेंटात निदान सरळ विभागणी असायची: ख्रिस्ती मुलं कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या शिकवणीला, बाकीची मॉरल सायन्सला. एकत्र बसून एकमेकांविषयी ऐकायची सोय मात्र दोन्हीकडे नाही.

टेंभी नाका
ठाण्यात यासाठी पुस्तकसुद्धा लागू नये. कौपिनेश्वर, तलावपाळीचं चर्च, पारशांची अग्यारी, १८७९ चं ज्यूंचं सिनेगॉग, सगळं चालत फिरण्यासारखं. आणि शब्दचर्चाच चालली आहे म्हणून सांगतो, बेने इस्रायली मंडळी, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू, आपल्या प्रार्थनाघराला मराठीत 'मशीद'च म्हणत आली. मुंबईतलं त्यांचं १७९६ चं सिनेगॉग 'जुनी मशीद' म्हणून ओळखलं जातं आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. धंदा तेल गाळायचा आणि शनिवारी धर्माप्रमाणे सुट्टी, घाणा बंद, म्हणून कोकणात त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. एवढं सांगितलं तरी मुलांचा एक तास रंगेल.

समासवाला
माझं मत: 'धर्मांची ओळख'. समास नको, 'धर्मांची' हे अनेकवचन उघड दिसू दे. 'धर्मपरिचय' छापील दिसतं, आणि वचन पुन्हा गायब.

ऐरोली सेक्टर ५
'ओळख' मान्य. पण आमचा पाठ 'बौद्ध धर्म' या मथळ्याखाली येणार असेल तर थांबा. बाबासाहेबांनी धर्म आणि धम्म यांत मुद्दाम फरक केला आहे. आमच्या घरात 'धम्म'च म्हणतात.

मुंब्रा
मग आमच्याकडे 'दीन'. उर्दू शाळेत त्या तासाला दीनियात म्हणतात.

नेरुळकर
पाठांच्या मथळ्यात ज्याचा त्याचा शब्द ठेवते. मसुदा असा केलाय: "सहावीपासून आठवड्यातून एक तास 'धर्मांची ओळख'. या तासाला कोणतीही उपासना करून घेतली जाणार नाही." 'उपासना' ठीक आहे ना, की 'पूजा-प्रार्थना' लिहू?

निवृत्त बाई, कळवा
'पूजा, नमाज, प्रार्थना' असं तिन्ही लिही. 'उपासना' वाचून निम्मे पालक 'उपास' समजतील.