मदत हवी आहे: काम आणि गेमिंग दोन्हीसाठी एकच मशीन. मॅक की विंडोज?

रात्रपाळी:

मंडळी, नवा कॉम्प्युटर घ्यायचाय आणि वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झालाय. सध्याचा लॅपटॉप सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा आहे, ग्राफिक्स जीटीएक्स १०५० टीआय. तसा अजून चालतोय. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला दारातही उभं करत नाही. म्हणजे आज ना उद्या बदलायचाच आहे.

काम: वेब डेव्हलपमेंट. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवणारं साधन) चार-पाच कंटेनर, म्हणजे असे डबे, डेटाबेस, एडिटर आणि ब्राउझरचे असंख्य टॅब. अलीकडे फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं ॲप बनवणारं साधन) एक मोबाइल ॲपही गळ्यात पडलंय आणि क्लायंटला ते आयफोनवरही हवंय. शिवाय मिररलेस कॅमेऱ्यावर शूट केलेले व्हिडिओ एडिट करतो, डाविंची रिझॉल्व्हमध्ये.

खेळ: मित्रांबरोबर व्हॅलोरंट. एकट्याने खेळायला सायबरपंक २०७७ आणि एल्डन रिंग. अधूनमधून डोटा २.

ऑफिसातले सगळे म्हणतात मॅक घे, आयुष्य सुखाचं होईल. खेळणारे मित्र म्हणतात मॅक घेतलास तर ग्रुपमधून काढू. दोन्ही बाजू ठाम आहेत आणि कारण विचारलं की दोघंही "अरे घे रे तू" यापलीकडे जात नाहीत. मला कारणं हवी आहेत.

खटपट्या:

गेमिंग आहे ना? मग विंडोज. धागा बंद करायला हरकत नाही.

तिरका_कंस:

खटपट्याभाऊंशी निष्कर्षापुरता सहमत, पण धागाकर्त्याने कारण विचारलंय, तर ते देतो.

तुमच्या यादीतल्या चारपैकी तीन खेळांवर वाद होऊ शकतो. व्हॅलोरंटवर नाही. त्याच्याबरोबर व्हॅनगार्ड नावाचं अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) येतं आणि ते मशीन सुरू होतानाच कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात जाऊन बसतं. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) दोन्ही चालू लागतात. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) यातलं एक जरी बंद असलं तरी खेळ सुरू होत नाही, सरळ एरर तोंडावर फेकतो. इतक्या आत शिरणारी गोष्ट व्हर्च्युअल मशीनमध्ये चालत नाही आणि विंडोजचं सोंग आणणाऱ्या कुठल्याही थरावरही चालत नाही. मॅकवर विंडोज किंवा त्याचे प्रोग्रॅम चालवणारे पॅरलल्स, क्रॉसओव्हर, वाइन सगळे इथे बाद.

पूर्वी मॅकवर बूट कॅम्प होतं. पार्टिशन करून खरंखुरं विंडोज टाकता यायचं. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आला आणि ती वाट बुजली, ॲपलच्या स्वतःच्या चिपवर बूट कॅम्प नाही. आजही "मॅकवर विंडोज टाक ना" असा सल्ला देणारे भेटतात, त्यांचा मॅक बहुधा इंटेलचा असतो.

तेव्हा आधी ठरवा, व्हॅलोरंट सोडवणार आहे का? नसेल, तर निदान खेळाच्या मशीनवर विंडोज येणारच.

मॅकवाली:

नेहमीप्रमाणे मॅकवर गेम चालतच नाहीत असं चित्र उभं राहायच्या आत लिहिते.

बाल्डर्स गेट ३ मॅकवर थेट चालतो. रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज २०२२ मध्येच आला. सायबरपंक २०७७ जुलै २०२५ मध्ये आला आणि प्रो दर्जाच्या चिपवर छान चालतो. डोटा २ आहेच. एल्डन रिंग मॅकसाठी नाही, क्रॉसओव्हरमधून चालतो पण ऑफलाइन. म्हणजे धागाकर्त्याच्या यादीतलं फक्त व्हॅलोरंट अडतंय, हे तिरका_कंस यांचं म्हणणं बरोबर आहे.

आता कामाचं बोलू. चार्जर काढल्यावरही मॅकबुकचा वेग तसाच राहतो. गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर आला की ग्राफिक्स कार्डाला पुरेशी वीजच मिळत नाही आणि सगळा थाट उतरतो. माझ्याकडे आधी एका मोठ्या कंपनीचा गेमिंग लॅपटॉप होता. मीटिंगमध्ये मी म्यूट काढलं की समोरचे विचारायचे, मागे मिक्सर चालू आहे का?

आणि आयफोनच्या ॲपचं काय? आयफोनची ॲप बनवायचं ॲपलचं एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. फ्लटरचा कोड कुठेही लिहा, आयफोनसाठी बिल्ड करून सही करायला शेवटी मॅकच लागतो. याचं उत्तर विंडोजवाले देतील का?

मॅक घेतलात तर एक मात्र लक्षात ठेवा. मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि तीच मेमरी प्रोसेसर व ग्राफिक्स वाटून घेतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपलने सुरुवातच १६ जीबीपासून केली, पण डॉकर चालू ठेवून सायबरपंक उघडणार असाल तर १६ मध्ये रडाल. २४ च्या खाली जाऊ नका. स्टोरेजचंही तेच, आजकालचा एकेक मोठा खेळ शंभर जीबी गिळून बसतो.

जुना_खेळाडू:

मॅकवालीताईंची यादी खरी आहे. पण आज काय चालतं याच्याइतकंच, पाच वर्षांनी त्यातलं काय चालेल हेही मी बघतो. त्या बाबतीत ॲपलचा इतिहास खेळणाऱ्यांसाठी बरा नाही.

२०१८ मध्ये मॅकओएसची मोहावे आवृत्ती आली, खेळांचं ग्राफिक्स ज्यावर चालायचं त्या ओपनजीएलला निवृत्तीच्या यादीत टाकलं. २०१९ मध्ये कॅटालिना आलं आणि ३२ बिटचे प्रोग्रॅम एका अपडेटमध्ये बंद. लोकांनी पैसे मोजून घेतलेले कितीतरी खेळ त्या दिवशी मुके झाले. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात अशा जुन्या खेळांवर मॅकचं चिन्ह अजून दिसतं, म्हणून नुसतं चिन्ह बघून भुलू नका, पान खाली सरकवून ६४ बिटबद्दलची सूचना वाचा. २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला तो मॅकला वगळूनच. मॅकवर तोवर काउंटर-स्ट्राइक खेळणारे हात चोळत बसले.

पुढचा नंबर रोझेटाचा. इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम ॲपलच्या चिपवर चालवणारा हा दुभाषी मॅकओएस २७ पर्यंतच पूर्ण मिळणार, नंतर काही जुन्या, कुणी वाली न उरलेल्या खेळांपुरता, असं ॲपलनेच जून २०२५ मध्ये सांगितलंय. क्रॉसओव्हरमधून चालणारे विंडोजचे खेळ आजघडीला याच रोझेटावर उभे आहेत. त्याला पर्याय निघेलही. निघेपर्यंत मी त्याच्या भरवशावर मशीन घेणार नाही.

विंडोजमध्ये हजार खोडी असतील, जाहिराती, नको तेव्हा अपडेट, सगळं मान्य. पण वीस वर्षांपूर्वीचा खेळ टाकला तर बहुतेक वेळा उठून उभा राहतो.

पेंग्विनप्रेमी:

कुणी विचारलं नाही तरी लिनक्सवाला येणारच :)

स्टीमवाल्या वाल्वने २०१८ मध्ये विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं, २०२२ मध्ये स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा लिनक्सवाला कॉम्प्युटर. तेव्हापासून लिनक्सवर खेळणं ही गंमत राहिलेली नाही. एल्डन रिंग ऑनलाइनसकट चालतो, सायबरपंक चालतो, डोटा तर मूळचाच आहे. डॉकर लिनक्सवर जसं चालतं तसं दुसरीकडे कुठेच चालत नाही, कारण मॅक आणि विंडोज दोघांनाही त्यासाठी आत एक छोटं लिनक्सच चालवावं लागतं.

व्हॅलोरंट मात्र नाही, आणि मी खोटी आशा दाखवणार नाही. एपेक्स लेजंड्स आधी चालायचा, २०२४ मध्ये त्यांनी लिनक्सचं दार लावलं. ऑनलाइन स्पर्धेचे खेळ आज चालतात म्हणून उद्या चालतील असं धरू नका.

रात्रपाळी:

सर्वांचे आभार. दोन दिवसांत ऑफिसात मिळालं नव्हतं तेवढं इथे मिळालं.

व्हॅलोरंट सुटणार नाही. खरं तर खेळापेक्षा ती टोळी सुटणार नाही, मित्र तीन वेगवेगळ्या शहरांत आहेत आणि गप्पा तिथेच होतात. आयफोनचं बिल्ड महिन्यातून दोन-चारदा लागतं, रोज नाही. व्हिडिओ १० बिट ४:२:२ मध्ये (रंगांची जास्त माहिती साठवणारा प्रकार) शूट करतो. मशीन बाहेर फारसं न्यायचं नसतं, घरूनच काम आहे.

कमी वीज खाणारे नवे स्नॅपड्रॅगनचे विंडोज लॅपटॉप कसे? बॅटरी मॅकसारखी आणि विंडोजही, म्हणजे दोन्ही डगरींवर हात?

तिरका_कंस:

त्या डगरीवर अजिबात हात ठेवू नका. ती एआरएम, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या रचनेची चिप आहे. साधे प्रोग्रॅम विंडोज भाषांतर करून चालवतं, पण कर्नलमधले ड्रायव्हर असे भाषांतरित होत नाहीत. म्हणजे अँटी-चीटपाशी गाडं पुन्हा तिथेच रुततं. नुसत्या ऑफिसच्या कामाला उत्तम, तुमच्यासाठी नाही.

आणि घरूनच काम असेल तर लॅपटॉप कशाला? टॉवर घ्या. गेमिंग लॅपटॉपच्या खोक्यावर आरटीएक्स ४०६० लिहिलेलं असतं, पण तीच लॅपटॉप चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बांधलेली असू शकते. नाव एक, वेगात जमीन-अस्मानाचा फरक. हा आकडा टीजीपी या नावाने तपशिलाच्या पानावर तळाशी कुठेतरी दडवलेला असतो, कधी कधी तिथेही नसतो. दुकानदाराला विचारलंत तर तो रॅम सांगेल. टॉवरमध्ये ही भानगडच नाही, शिवाय तीन वर्षांनी फक्त कार्ड बदलता येतं.

मॅकवाली:

१० बिट ४:२:२ चा उल्लेख आधी करायचा होतात की! व्हिडिओसाठी तोच कळीचा मुद्दा आहे.

या प्रकारचं एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) फुटेज डीकोड करायला हार्डवेअरची मदत नसेल तर टाइमलाइन अडखळत चालते, मग प्रोसेसर कितीही भारी असो. ॲपलच्या चिपमध्ये ती सोय आहे. इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्येही आहे, क्विक सिंक म्हणतात त्याला. एनव्हिडियाने ती आरटीएक्स ५० मालिकेपासून दिली, त्याआधीच्या कार्डांत नाही. त्यामुळे जुनं ४० मालिकेचं कार्ड स्वस्त मिळतंय म्हणून घेतलंत आणि अंगभूत ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर जोडलात, तर खेळ मस्त पळतील आणि एडिटिंगच्या वेळी माझी आठवण येईल.

रिझॉल्व्हच्या बाबतीत आणखी एक, एच.२६४ आणि एच.२६५ ला ग्राफिक्सची मदत विंडोजवर फक्त पैसे भरून घेतलेल्या स्टुडिओ आवृत्तीत पूर्ण मिळते. फुकटची वापरत असाल तर तेही गणितात धरा.

बाकी मॅक माझा लाडका असला तरी तुमच्या उत्तरांवरून मीही म्हणेन, मुख्य मशीन विंडोजचा टॉवरच. आयफोनच्या बिल्डसाठी एक छोटा मॅक मिनी कोपऱ्यात ठेवा. स्क्रीन शेअरिंगने विंडोजवरूनच वापरता येईल.

खटपट्या:

मॅकवालीने विंडोज सुचवलं! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

अवांतर: महिन्यातून दोन-चारदाच बिल्ड असेल तर मिनीही नको, ढगातला मॅक भाड्याने मिळतो. गिटहब ॲक्शन्सवर मॅकचे रनर आहेत, कोड ढकलला की बिल्ड तयार.

मॅकवाली:

बिल्ड तयार होईल हो, पण आयफोनवर काही फाटलं तर डीबग कुठे करणार? सिम्युलेटरही मॅकवरच चालतो. प्रत्येक छोट्या दुरुस्तीसाठी कोड ढकलून वाट बघत बसायचं म्हणजे नाकी नऊ येतात. ॲप एकदा स्थिर झालं की भाड्याचं ठीक आहे.

वापरलेला मिनी घेतलात तरी एम१ किंवा पुढचाच घ्या. इंटेलचा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. ॲप स्टोअरला ठरावीक काळाने नवं एक्सकोड लागतं, नव्या एक्सकोडला नवी मॅकओएस लागते, आणि इंटेलच्या मॅकसाठी मॅकओएस २६ ही शेवटची.

रात्रपाळी:

पटलं. म्हणजे टॉवर, इंटेलचा अंगभूत ग्राफिक्सवाला प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ५० मालिकेतलं मधलं कार्ड. डॉकर डब्ल्यूएसएल २ वर (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय). मिनी वापरलेला शोधतो.

शेवटचे दोन प्रश्न. मॉनिटर एकच आहे, २७ इंची १४४० पी, १४४ हर्ट्झ. दोन्ही मशीन त्यालाच जोडायची तर केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर, कीबोर्ड, माउस दोन मशीनना जोडणारा) घेऊ का? आणि फुटेजची बाहेरची हार्ड डिस्क दोन्हीकडे चालेल ना?

पेंग्विनप्रेमी:

केव्हीएम घेताना त्याचा कमाल रिफ्रेश रेट वाचा. बरेचसे साधे स्विच ६० हर्ट्झवर अडतात आणि मग १४४ चा मॉनिटर घेऊन काय केलं असं होतं. त्यापेक्षा टॉवर डिस्प्ले पोर्टला, मिनी एचडीएमआयला, मॉनिटरच्याच बटणाने इनपुट बदला. कीबोर्ड-माउससाठी साधा यूएसबी स्विच पुरतो, तो स्वस्तही असतो.

मॅकची अक्षरं १४४० पी वर जरा पुसट वाटतील. मॉनिटर बिघडला असं समजू नका, मोहावेपासून ॲपलने सबपिक्सेल स्मूदिंग (अक्षरांच्या कडा गुळगुळीत दाखवायची युक्ती) काढून टाकलंय.

डिस्क एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट) असेल तर मॅक ती वाचेल पण तिच्यावर काही लिहू देणार नाही. एक्सफॅट केली की दोन्हीकडे चालते. फॉरमॅट करताना सगळं पुसलं जातं, तेव्हा फुटेज आधी दुसरीकडे हलवा, आणि एक्सफॅट अचानक वायर ओढलेली सहन करत नाही, दर वेळी इजेक्ट करूनच काढा.