मदत हवी आहे: सीएफटीआरच्या डिग्लायकोसिलेशनमध्ये बँडच गायब होतो

एचईके२९३ पेशींतल्या सीएफटीआरचा (सिस्टिक फायब्रोसिसशी निगडित पटल-प्रथिन) वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखणं). न उकळलेल्या लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रावात) बँड बी (अपरिपक्व रूप, सुमारे १५० केडीए) आणि पसरट बँड सी (परिपक्व रूप, सुमारे १७०) स्वच्छ दिसतात. पीएनजीएज एफनंतर (प्रथिनावरच्या साखरेच्या साखळ्या कापणारं एन्झाइम; हेच डिग्लायकोसिलेशन) दोन्ही १३० च्या आसपास एकत्र यायला हवेत. पण लेन जवळपास रिकामी, आणि वेलच्या तोंडाशी काळा डाग.

पद्धत: २० मायक्रोग्रॅम प्रथिन, ०.५% एसडीएस (प्रथिन उलगडणारं डिटर्जंट), ४० मिलिमोलर डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन), १००° से.ला १० मिनिटं. मग १% एनपी-४० (सौम्य डिटर्जंट), एन्झाइम, ३७° ला १ तास. एनपी-४० विसरलेलं नाही. त्याशिवाय एसडीएस एन्झाइमलाच मारतं.

संशय उकळण्यावर आहे: पटलात बारा वेळा शिरणारं प्रथिन तापवलं की गुठळ्या होतात. ३७° ला ३० मिनिटं डिनेचर केलं (प्रथिन उलगडवलं) तर डाग जातो, पण बँड सी अर्धवटच सरकतो.

कृपया सांगा: एन्झाइम वाढवावं की वेळ रात्रभर करावी? रात्रभर ठेवल्यास प्रोटिएज इनहिबिटर पुन्हा घालावं का? एंडो एच (फक्त अपरिपक्व साखळ्या कापणारं एन्झाइम) समांतर लावणारच आहे. त्याने फक्त बी सरकायला हवा. एफ५०८डेलची (सीएफटीआरचं उत्परिवर्तित रूप) तुलना याच ब्लॉटवर अवलंबून आहे, म्हणून नेमकी मात्रा सांगितलीत तर फार उपकार होतील.