मदत हवी आहे: प्रोसेस क्लासची किल टेस्ट लिनक्स-विंडोज दोन्हीकडे कशी लिहायची?

मंडळी, सी++ मध्ये दुसरा प्रोग्राम चालवणारा आणि गरज पडली तर मारणारा (किल) प्रोसेस क्लास लिहिलाय. नवी प्रोसेस सुरू करायला लिनक्सवर आत फोर्क-एक्झेक, विंडोजवर क्रिएटप्रोसेस. टेस्टमध्ये चाइल्ड (क्लासने सुरू केलेली प्रोसेस) म्हणून इको कमांड वापरणं सोडलं, कारण विंडोजवर ती वेगळी फाइलच नसते, सीएमडीच्या (विंडोजच्या कमांड शेलच्या) पोटात असते. आता टेस्टची बायनरीच स्वतःला चाइल्ड म्हणून परत चालवते; हे मात्र झकास जमलं.

घोडं अडलंय किलपाशी. लिनक्सवर वेटपिड (चाइल्ड कशी संपली ते सांगणारा कॉल) सरळ सांगतं, सिग्नल ९ ने, म्हणजे सक्तीने मारल्याने गेली. एक्झिट कोड (संपताना प्रोसेस देते तो आकडा) नसतोच. विंडोजवर मारायला वापरतो त्या टर्मिनेटप्रोसेसला आपण दिलेलाच आकडा एक्झिट कोड म्हणून परत मिळतो. म्हणजे प्रोसेस मारली की तोच कोड देऊन स्वतःहून संपली, कळायला मार्ग नाही. इंटरफेसमध्येच ‘मारली’ अशी वेगळी अवस्था ठेवू, की प्रत्येक प्लॅटफॉर्मला वेगळी टेस्ट? इफडेफचं (प्लॅटफॉर्मनुसार कोड वेगळा करणाऱ्या ओळींचं) जंगल नकोय. कुणी हे निस्तरलंय का?