जेजुरीचा भंडारा फोटोत सपाट पिवळा का येतो?

मल्हारवाट:
सोमवतीला जेजुरीत होतो. पालखी गड उतरायला लागली तसा दोन्ही बाजूंनी भंडारा उधळला. कॅमेरा निकॉन डी५६००, रॉ (सेन्सरचे कच्चे आकडे) आणि जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो) दोन्ही ठेवल्यात. जेपेगमध्ये भंडारा म्हणजे नुसता पिवळा डाग. एका आजोबांच्या कपाळावरच्या मळवटात बोटं ओढल्याच्या रेघा डोळ्यांना स्वच्छ दिसत होत्या, फोटोत त्यांचा पत्ता नाही. ओव्हरएक्स्पोज म्हणावं तर त्यांचा पांढरा सदरा व्यवस्थित आलाय आणि हिस्टोग्रामही (उजेडाचा आलेख) उजवीकडे, म्हणजे अति उजेडाच्या टोकाला, चिकटलेला नव्हता. रॉ उघडली तर ती फिकी दिसते. मग बिघडलं कुठे?

सह्यकडा:
पुढच्या वेळी एक्स्पोजर एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा, ठेवा. रॉने फक्त कार्ड भरतं.

कऱ्हाकाठ:
सह्यकडा, सरसकट एक स्टॉप उतरवला तर सावलीतले चेहरे काळवंडतील. आणि या फोटोत रॉच कामाला येणार आहे.

मी सासवडचा, जेजुरीच्या यात्रा लहानपणापासून बघतोय. हळद निळा उजेड शोषून घेते, लाल आणि हिरवा परत टाकते. म्हणून उन्हातल्या भंडाऱ्यात लाल चॅनल (लाल, हिरवा, निळा या तीन रंगांच्या आकड्यांपैकी लालचे आकडे) सगळ्यात आधी २५५ला, म्हणजे कमाल आकड्याला, टेकतो आणि निळा शून्यावर बसतो. दोघांतला तपशील संपला, उरला एकटा हिरवा. तुम्ही पाहिलात तो एकत्रित उजेडाचा हिस्टोग्राम, त्यात लाल फुटलेला, म्हणजे कमाल आकड्याला अडकलेला, कळत नाही. सदरा शाबूत आणि मळवट सपाट, यावरूनच ओळखायचं की फक्त एक चॅनल गेलाय.

पण तो गेलाय कुठे? सेन्सरवर दर चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. उन्हात लाल पिक्सेलांवर मुळात हिरव्यापेक्षा कमी नोंद होते, म्हणून व्हाइट बॅलन्स करताना, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवताना, कॅमेरा लालला साधारण दुपटीने गुणतो. वरून पिक्चर कंट्रोल (कॅमेऱ्यातली रंग-कॉन्ट्रास्टची सेटिंग) रंग आणखी चढवतो. म्हणजे लाल बहुतेक वेळा सेन्सरवर फुटतच नाही, या गुणाकारात फुटतो. जेपेगमध्ये हे सगळं होऊन ८ बिटांत फाइल बंद झाली. रॉमध्ये मूळ आकडे तसेच आहेत. १४ बिट असेल तर १६,३८४ पायऱ्या. तुमच्या त्या रेघा मला वाटतं तिथेच आहेत.

फिकेपणाने घाबरू नका. डार्कटेबलसारखं सॉफ्टवेअर कॅमेऱ्याचा पिक्चर कंट्रोल लावत नाही, एवढंच. निकॉनच्या एनएक्स स्टुडिओत तीच फाइल कॅमेऱ्यातल्यासारखी दिसेल.

मी डार्कटेबल वापरतो, फुकट आहे. आधी रॉ ओव्हरएक्स्पोजचा इशारा चालू करा. मळवटावर खूण उमटली नाही तर माल शाबूत आहे. मग व्हाइट बॅलन्स उन्हाचा ठेवा. ऑटोवर ठेवलात तर फ्रेमभर पिवळा बघून कॅमेरा सगळं निळसर करायला बघतो आणि हळदीचा ऊबदारपणा जातो. एक्स्पोजर थोडं उतरवा, सिग्मॉइड (उजेड-अंधार पडद्यावर मावेल असा बसवणारं मॉड्यूल) लावा. नंतर फक्त पिवळ्या छटेचा मास्क करून, म्हणजे बदल तेवढ्याच भागापुरता ठेवून, त्यात लोकल कॉन्ट्रास्ट (बारीक तपशिलांतला उजेडाचा फरक) हळूहळू वाढवा, रेघा वर येताना दिसतील. सॅच्युरेशनला (रंगाच्या गडदपणाला) हात लावू नका. उलट शेवटी एसआरजीबीत (पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) काढताना गॅमट चेक (त्या पद्धतीत न मावणारे रंग दाखवणारा इशारा) लावून पिवळ्याचा क्रोमा (रंगाची तीव्रता) थोडा कमी करा, नाहीतर इतकं करून एक्स्पोर्टमध्ये पुन्हा सपाट होईल. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात.

पुढच्या सोमवतीला प्लेबॅकमध्ये आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा) हिस्टोग्राम चालू करा, पिक्चर कंट्रोल न्यूट्रल ठेवा, अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग (सावल्या उजळणारी निकॉनची सोय) बंद. फक्त रॉ काढलीत तरी पडद्यावरचा हिस्टोग्राम जेपेगवरूनच काढलेला असतो, म्हणून न्यूट्रल. तो खऱ्याच्या जरा जवळ जातो.

दिवटी:
एक वेगळीच गोष्ट. लेन्सवर भंडारा बसला तर आधी ब्लोअरने उडवा. थेट कापड फिरवलंत तर हळद काचेवर पसरते. आणि त्या गर्दीत लेन्स बदलू नका, सेन्सरवर गेलेला भंडारा काढणं अवघड.

मल्हारवाट:
केलं. मळवटावर इशारा आला नाही आणि मास्क लावल्यावर तिन्ही बोटांच्या रेघा दिसल्या, मधलं बोट जरा जास्त दाबलेलं आहे तेसुद्धा! पण मागे उन्हात उधळलेल्या लोटाचा मधला भाग तसाच कोरा आहे. तिथे इशारा लाल आणि हिरवा, दोन्हींचा येतोय.

कऱ्हाकाठ:
मग तिथे सेन्सरच भरून गेलाय. हायलाइट रिकन्स्ट्रक्शन (फुटलेला भाग अंदाजाने भरणारं साधन) कडा मऊ करेल, पण आतले कण परत येणार नाहीत. तो भाग तसाच राहू द्या, उन्हातला लोट डोळ्यांनाही लखलखीतच दिसतो. मळवटाचा फोटो मात्र मोठा प्रिंट करा आणि आजोबांचा पत्ता मिळाला तर त्यांना एक प्रत नेऊन द्या.