केमो चालू असताना ताट-वाटी वेगळी ठेवावी लागते का?

कृष्णाकाठ:
नमस्कार. आम्ही सांगलीजवळचे. बायकोला स्तनाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, आता दर 21 दिवसांनी केमो, ते लाल रंगाचं औषध. 4 पैकी दुसरी सोमवारी झाली. घरात आई, मी, ही आणि 7 वर्षांची मुलगी.

शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "तिची भांडी वेगळी काढा, घरात लेकरू आहे." काल रात्री पानं वाढली तर हिचं ताट, वाटी, तांब्या ओट्याच्या कडेला वेगळं मांडलेलं. ही काही बोलली नाही. ताटाच्या काठावरून नुसतं बोट फिरवत राहिली आणि अर्धी चपाती खाऊन उठली. आई वाईट नाही हो, दिवसातनं चारदा हिचे पाय चेपते. नातीसाठी घाबरलीय. तिला आता हिच्याजवळ झोपू देत नाही. पोरगी रात्री उशी घेऊन दारात उभी असते.

दुसरं म्हणजे फोडणी. मोहरी तडतडली की ही तोंड दाबून मोरीकडे धावते. आईला वाटतं, माझ्या हातचं हिला नकोसं झालं. खायला काय द्यावं?

गोदाकाठची:
दादा, हेच औषध मीही घेतलंय. कॅन्सर ताटातून लागत नाही, कुशीत झोपूनही नाही. ताट आजच सगळ्यांच्यात ठेवा.

जपायचं ते वेगळंच. औषध लघवी, संडास, उलटीतून बाहेर पडतं, डोसनंतर साधारण 2 दिवस. तेवढे दिवस झाकण लावून दोनदा फ्लश करा, उलटीचं भांडं आणि खराब झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा. लघवी लालसर होते, तो औषधाचा रंग. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, रक्त समजून मी न्हाणीघरात रडत बसले होते.

खरं तर तिला आपल्यापासून जपायचं असतं. डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खाली येतात. तेव्हा मुलीला सर्दी-खोकला असेल तरच लांब झोपवा, एरवी हात धुऊन खुशाल कुशीत येऊ दे. आणि ताप 100.4 फॅरनहाइट दिसला तर घरची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका, रात्री 2 वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा.

खाण्याचं म्हणाल तर गरम अन्नाला वास जास्त येतो. मला निवलेली तांदळाची पेज, मऊ मेतकूट-भात, बिनफोडणीचं वरण जायचं. स्टीलच्या चमच्याने तोंडात धातूची चव यायची, म्हणून लाकडी चमचा घेतला. जेवणाआधी मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने चुळा भरू द्या.

वऱ्हाडी:
भाऊ, आईला पुढच्या खेपेला सोबत न्या आणि ताटाचं तिच्यासमोरच डॉक्टरांना विचारा. आमच्या घरी मी महिनाभर सांगून बाबांना पटलं नव्हतं, डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं तेव्हा पटलं. उलटीची गोळी देऊनही अन्न ठरत नसेल तर तेही सांगा, औषध बदलून देतात.

कृष्णाकाठ:
ताई, तुमचं उत्तर आईला दोनदा वाचून दाखवलं. काही बोलली नाही, उठून ते ताट इतर ताटांत सरकवलं. काल जुनी शेगडी काढून फोडणी परसात दिली आणि स्वयंपाकघराच्या दाराला खालून ओलं फडकं लावलं. हिला पेज वाढली, आधी बशीत घालून वारा घालत निववत बसली. वाटीभर पेज गेली पोटात! आईने वाटी उचलून मला दाखवली.

डॉक्टरांकडे तिला नेणारच आहे. आज आठवा दिवस. घरात कुणाला सर्दी नाही, मुलगी हिच्या कुशीत झोपलीय. थर्मामीटर उशाशी ठेवलाय.