मदत हवी आहे: मिसेसच्या अंगावरून पांढरं जातंय, क्रीमचं नाव सांगा

जिंतूरकर: मिसेस गरोदर आहे. अंगावरून पांढरं जातंय, खाज लई. दवाखान्याची तारीख अजून आठ दिवसांनी आहे. मेडिकलमधून कोणतं क्रीम आणू? लवकर सांगा.

सिस्टर_हिंगोली: कितवा महिना? पांढरं म्हणजे दह्यासारखं घट्ट, की पातळ? वास येतो का? लघवीला जळजळ? शुगर तपासली का? गरोदरपणात पांढरं वाढतंच. खाज नाही, वास नाही, तर औषध लागत नाही. तुमच्याकडे खाज आहे म्हणून विचारतेय.

मेडिकल_लातूर: एवढं काय विचारता? खाज म्हणजे बुरशी. फ्लुकोनॅझोल 150, एक कॅप्सूल, विषय संपला.

सिस्टर_हिंगोली: दादा, गरोदर बाईला ती कॅप्सूल देत नसतात. बुरशीच असेल तर क्लोट्रिमॅझोल 100 ची आत ठेवायची गोळी, रोज झोपताना एक, सात रात्री. दोन-तीन रात्रींत खाज थांबते, बायका मधेच सोडतात आणि परत सुरू होतं. तीही डॉक्टरांना दाखवून. स्टिरॉइड मिसळलेलं खाजेचं क्रीम मात्र देऊच नका.

काढा_बीड: तुरटीच्या पाण्यानं आतून धुवा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

लॅब_नांदेड: आतून धुवायचं नाही, तुरटीनं नाही की साबणानं नाही. आत चांगले जिवाणू आम्लता टिकवतात, ते धुऊन गेले की वाईट वाढतात. आणि खाज म्हणजे बुरशीच, हेही खरं नाही. पातळ राखाडी, माशासारखा वास, पीएच (आम्लतेचं माप; जास्त म्हणजे आम्लता कमी) 4.5 च्या वर, तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे वाईट जिवाणू वाढलेले. त्यावर क्लोट्रिमॅझोल काही करत नाही, मेट्रोनिडॅझोल लागतं. फेसाळ हिरवट-पिवळं असेल तर ट्रायकोमोनास, हा संबंधातून पसरणारा परजीवी. तेव्हा नवऱ्यानंही औषध घ्यायचं, नाहीतर तिला परत होणार. सरकारी सुरक्षा क्लिनिकला (गुप्तरोगांचा दवाखाना) फुकट तपासतात. तिथं आधीच सांगा की गरोदर आहे. पांढऱ्यासाठी तिथं मिळणाऱ्या औषधांच्या हिरव्या किटमध्ये सेक्निडॅझोलसोबत तीच फ्लुकोनॅझोल असते.

टँकरग्रस्त: हे सगळं टँकरच्या पाण्यानं होतं. ग्रामपंचायतीला कोण विचारतंय?

सिस्टर_हिंगोली: पाण्यानं नाही. पाणी कमी म्हणून कपडे नीट धुतले जात नाहीत, लाजेपायी सावलीत वाळत घालतात, ओलेच घालतात, त्यानं त्रास वाढतो. सुती घ्या, उन्हात वाळवा. धुताना पुढून मागं, फक्त बाहेरून. बुरशी पुन्हापुन्हा होत असेल तर 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी शुगर बघा. 140 किंवा वर म्हणजे गरोदरपणातली शुगर.

योजना_मित्र: पहिलं बाळ असेल तर सरकारच्या मातृवंदना योजनेचे 5000 रुपये मिळतात, आशाताईकडे फॉर्म भरा. प्रत्येक महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायकांना फुकट तपासतात, तेव्हा जा.

जिंतूरकर: सातवा चालू आहे. शुगर झाली नाही. मेडिकलवाल्यानं परवा 150 ची एक कॅप्सूल दिली, घेतली तिनं. खाज कमी आहे, पण सकाळपासून पाण्यासारखं जातंय, परकर दोनदा बदलला. दुसरी कॅप्सूल द्यावी का?

सिस्टर_हिंगोली: हे आधी सांगायचं ना! कॅप्सूल राहू द्या, आत काहीही ठेवू नका, संबंध नको. हे गर्भजल असू शकतं. स्वच्छ सुती घडी लावा आणि 108 ला फोन करा. 9 तारखेची वाट बघू नका. जिथं आजारी नवजात बाळांचा खास विभाग (एसएनसीयू) आहे त्या जिल्हा रुग्णालयात न्या. घडी फेकू नका, तिथं दाखवा. हिरवट किंवा घाण वासाचं असेल, ताप असेल, रक्त दिसलं किंवा बाळ कमी हलतंय असं वाटलं, तर गाडीतच सांगा. पाणी फुटलं असेल तर जंतू वर चढू नयेत म्हणून अँटिबायोटिक देतात, बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात. म्हणून उशीर नको.

मेडिकल_लातूर: एका कॅप्सूलनं पाणी फुटत नसतं, उगाच माझ्यावर नको.

सिस्टर_हिंगोली: तुमच्यावर कोण घालतंय? पण कॅप्सूल कधी घेतली ते डॉक्टरांना सांगावं लागेल.

जिंतूरकर: 108 लावलं, येतेय म्हणतात. फाईल सापडेना.

सिस्टर_हिंगोली: फाईलविना निघा. रक्तगट आशाताईकडे असेल, वाटेत फोन करा.