२०२० ची बॅच आणि ‘गॅप का आहे?’ हा प्रश्न

ऑक्टोबरपास
परवा ‘भरतीवाला’ यांनी लिहिलेलं वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: २०२० आणि २०२१ ला पदवी घेतलेली मुलं अजून महामारीच्या नावाने रडतात. यांनी घरबसल्या मार्क मिळवले, वर्ष-दीड वर्ष घरी बसले आणि आता मुलाखतीत ‘गॅप का?’ विचारलं की तोंड पाडतात. ‘ज्याला काम करायचं होतं त्याने त्या काळातही केलं’, हे त्यांचं शेवटचं वाक्य.

मी २०२० चा मेकॅनिकल. जानेवारीत कॅम्पसमधून चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत निवड झाली होती, जुलैत रुजू व्हायचं होतं. मार्चमध्ये होस्टेल रिकामं करायला लावलं. एक बॅग घेऊन गावी आलो, बाकीचं सामान आठ महिने खोलीत पडून होतं. ३१ मे ला मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार नाहीत, सरासरीने निकाल लावू. राज्यपालांनी हरकत घेतली. ६ जुलैला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने कळवलं की परीक्षा होणारच, सप्टेंबरअखेर उरका. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ ऑगस्टला निकाल आला: परीक्षेशिवाय पदवी नाही. ऑक्टोबरमध्ये तासाभराचे बहुपर्यायी पेपर दिले, तेही मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावर बसून, कारण घरात रेंज नव्हती. मार्कशीट हातात पडायला नोव्हेंबर उजाडला.

म्हणजे मार्च ते नोव्हेंबर मी ना विद्यार्थी होतो ना पदवीधर. जुलैत कंपनीला फोन केला तर ‘मार्कशीट आली की बघू’. मार्कशीट आली तेव्हा ‘यंदा नवी भरती नाही’ असा दोन ओळींचा मेल. कंपनीला तरी काय बोलू? त्या एप्रिलमध्ये मारुतीची देशात एकही गाडी विकली गेली नव्हती. आमचे सुटे भाग बसणार कशात होते?

माझ्या बायोडेटात गॅप आहे. ती मी पाडलेली नाही, आणि दर मुलाखतीत तिच्याबद्दल गुन्हेगारासारखं उत्तर देण्याचा मला आता वीट आलाय.

भरतीवाला
माझ्या वाक्यावर धागा निघाला, म्हणून उत्तर देतो. मार्च ते नोव्हेंबरबद्दल मी बोललोच नव्हतो. डिसेंबरनंतरचं बोला. २०२१ मध्ये आयटीला माणसं मिळत नव्हती. २०२१-२२ या एका वर्षात एकट्या टीसीएसने लाखभर फ्रेशर घेतले. मी स्वतः मेकॅनिकल, सिव्हिलची मुलं घेतली, जी चार महिन्यांत प्रोग्रॅमिंग शिकून आली होती. बाकीचे काय करत होते, एवढाच माझा प्रश्न आहे.

मंदीचं म्हणाल तर मी २००२ चा. तेव्हाही कॅम्पसला कुत्रं फिरकलं नव्हतं. वर्षभर कुरियरच्या ऑफिसात पाकिटांची नोंद केली, महिना २२०० रुपये. ते मी आजही बायोडेटात लिहितो, लपवत नाही.

आणि मार्कांचं विचाराल तर त्या परीक्षेच्या वेळी व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तरं फिरत होती. माझ्याच पुतण्याच्या फोनवर पाहिलीत. अशा मार्कांवर मी विश्वास कसा ठेवू?

तासिका_तत्त्व
परीक्षेचा विषय निघालाच आहे तर ऐका, कारण ती परीक्षा आम्हीच राबवली. कॉपी झाली. खोटं बोलणार नाही. पण साहेब, इंजिनिअरिंगला आठ सेमिस्टर असतात आणि ऑक्टोबरची परीक्षा होती फक्त शेवटच्या एका सेमिस्टरची. आधीची सात वर्गात बसून, पुरवण्या जोडून लिहिलेली आहेत. त्या सातांवरही तुमचा विश्वास उडाला?

दुसरं. ते पेपर ज्यांनी काढले, रात्री बारा वाजता मुलांचे ‘सर लॉगिन होत नाही’ असे फोन ज्यांनी घेतले, त्यातले कितीतरी माझ्यासारखे सीएचबीवाले, म्हणजे तासाप्रमाणे मानधन मिळणारे प्राध्यापक होते. कॉलेज बंद म्हणजे तास बंद, तास बंद म्हणजे मानधन बंद. मी सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे, अकरा वर्षं शिकवतोय. त्या उन्हाळ्यात गल्लोगल्ली आंब्याच्या पेट्या पोचवल्या. कायम प्राध्यापकांचा पगार एक तारखेला होत होता. यावर कोणी धागा काढत नाही.

पाया_पक्का
मी सिव्हिल, २०२० चाच. भरतीवाला म्हणतात तसा आयटीत गेलेला. ऑक्टोबरपास, राग मानू नकोस, पण विहिरीवर बसून पेपर देता आला तर तिथेच बसून कोर्सही करता आला असता. यूट्यूबवर सगळं फुकट होतं. मी रोज दहा तास बसलो. आमच्या बॅचमधल्या कित्येकांनी तेव्हा पब्जीत वेळ घालवला, हे तुलाही माहीत आहे.

ऑक्टोबरपास
रोजचा दीड जीबी डेटा आणि रात्रपाळीची वीज, यात दहा तास कुठून आणू?
डिसेंबरनंतरचं विचारलंत ना? लिहितो. जानेवारी २०२१ ला एका वर्कशॉपमध्ये लागलो, ९ हजारांवर, नियुक्तिपत्र नाही, हातावर रोख. एप्रिलमध्ये वडिलांना झाला. ऑक्सिजनचा बेड मिळायला दीड दिवस गेला, रेमडेसिविरच्या सहा इंजेक्शनांसाठी तीन शहरं पालथी घातली. २३ दिवसांनी ते घरी आले, पण पुढे वर्षभर जिना चढता आला नाही. कांदा मी काढला, भरला, विकला. वर्कशॉपची नोकरी गेली. जे केलं त्याचा कागद नाही आणि कागद नाही म्हणून ते ‘काम’ नाही. पाया_पक्का, तुझ्या घरी वडिलांचा पगार चालू होता का, तेवढं सांग.

पाया_पक्का
होता. वायफायही होतं. ते मी लिहायला हवं होतं. बाकी माझं मत तेच आहे.

बेरीज
याचा अभ्यास झालेला आहे. कॅनडात मंदीच्या वर्षी पदवी घेतलेल्यांची कमाई सुरुवातीला साधारण ९ टक्क्यांनी कमी होती आणि ती तूट भरायला जवळपास दहा वर्षं लागली. ओरिओपोलोस, फॉन वाख्टर आणि हाइझ यांचा निबंध आहे. त्यात मुलांच्या आळसाचा संबंध नाही, कोणत्या वर्षी बाहेर पडलात याचा आहे. आपल्याकडे तर एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत अर्थव्यवस्था जवळपास २४ टक्क्यांनी आकसली होती.

भरतीवाला
कॅनडाचं मला सांगू नका. माझ्यासमोर टेबलापलीकडे बसलेल्या मुलाला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधं उपकरण, वाचता येत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तासिका_तत्त्व
कारण त्याचं शेवटचं प्रॅक्टिकल झूमवर झालं! व्हर्नियर स्क्रीनवर दाखवला होता, मीच दाखवला होता. हातात मोजमाप न घेता तो शिकणार कसा? दोन आठवडे शॉपफ्लोअरवर शिकवा की. तेवढा वेळही द्यायचा नाही आणि वर नावं ठेवायची.

लाट_ओसरली
‘ज्याला काम करायचं होतं त्याने केलं.’ आम्ही केलं, भरतीवाला. नर्सिंग संपवून फेब्रुवारी २०२१ ला कोविड सेंटरला कंत्राटावर लागले. पीपीई किटमध्ये सहा-सहा तास, पाणी पिता येत नाही, बाथरूमला जाता येत नाही. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते तुमच्यावर सोडते. फुलं वगैरे उधळून झाली होती. नवव्या महिन्यात पेशंट कमी झाले तसं आम्हाला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, फोनवर. नंतर एका खासगी दवाखान्यात मुलाखतीला गेले तर ‘कोविड सेंटरचा अनुभव आम्ही धरत नाही, तो नियमित वॉर्ड नसतो’. मग काय धरता? माझी गॅप तर काम करून पडलीय.

कपाटातली_पदवी
सगळं वाचलं. सगळे नोकरीच्या गॅपवर बोलताय. आमच्या बीएस्सीच्या वर्गात २६ मुली होत्या. मे २०२० ते पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत त्यातल्या १२ जणींची लग्नं झाली. कारण एकच: पन्नास माणसांत उरकतंय, हॉल नको, जेवणावळी नको, मानपान नको. निकालही लागला नव्हता. मला एमएस्सीला जायचं होतं, बाबांनी ‘आत्ता स्थळ आलंय, कॉलेज कधी उघडेल कोणाला माहीत’ म्हणून विषय संपवला. माझी मार्कशीट भावाने डिसेंबरमध्ये सासरी आणून दिली. आमच्याकडे गॅप का म्हणून विचारायलाही कोणी येत नाही.

वधूपिता
ताई, मी त्या बापांपैकी एक आहे. जून २०२० मध्ये मुलीचं लग्न अंगणात केलं, ४८ माणसं. मला त्याची लाज नाही. मोठ्या मुलीच्या लग्नाचं कर्ज मी सहा वर्षं फेडलंय, सावकाराच्या दारात उभा राहिलोय. लॉकडाऊनने पहिल्यांदा गरीब बापाला ‘आम्हाला परवडत नाही’ हे न बोलता साधं लग्न करायची मुभा दिली. मुलगा चांगला आहे, मुलगी सुखी आहे. यात अन्याय कुठला?

लाट_ओसरली
साध्या लग्नाला कोणाचाच विरोध नाही, काका. पदवीचा निकाल लागायच्या आधी का, हा प्रश्न आहे.

पाया_पक्का
विषय कुठे चालला. धागा नोकरीचा आहे.

कपाटातली_पदवी
नोकरीचाच आहे. १२ जणी नोकरीच्या बाजारात आल्याच नाहीत, म्हणून तुला त्या दिसत नाहीत.
काका, एक विचारते. मोठ्या मुलीच्या मानाने या लग्नात किती पैसे वाचले?

वधूपिता
साडेतीन लाख तरी वाचले असतील.

कपाटातली_पदवी
त्याचं काय केलं?

वधूपिता
धाकट्याची डिप्लोमाची ॲडमिशन केली. आणि एक गाय घेतली. संसाराला लागतातच पैसे.

कपाटातली_पदवी
म्हणजे तिच्या लग्नात वाचलेल्या पैशांवर भाऊ शिकला. तिला पुढे शिकायचं होतं का, हे तरी विचारलं होतंत?

वधूपिता
तुम्ही माझ्या घरात शिरू नका. बाहेर प्रेतं जळत होती, मी उद्या असेन की नाही माहीत नव्हतं, मुलगी बिनलग्नाची मागे राहिली तर काय, ही रात्रंदिवस धास्ती. तुम्हाला मुलं झाली की समजेल. माझ्याकडून एवढंच.

तासिका_तत्त्व
काकांची धास्ती खोटी नव्हती. माझ्या शेजारी आठ दिवसांच्या अंतराने नवरा-बायको दोघं गेले, मागे एक मुलगी राहिली. पण त्याच मुलीच्या हातात पदवी होती म्हणून ती आज पतसंस्थेत नोकरी करते. हेही तेवढंच खरं.

अभ्यासिका_पेठ
आमचंही घ्या कोणीतरी. १४ मार्च २०२१ ची एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली, पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, मग ती २१ ला झाली. त्याआधी किती वेळा पुढे गेली याची मोजदाद सोडून दिली होती. मेसचा डबा आणि कॉटचं भाडं परीक्षेसोबत पुढे ढकललं जात नाही. सरकारने नंतर वय उलटलेल्यांना एक संधी दिली. खासगीवाल्यांनी आम्हाला वर्षभर तरी दिलं का?

भरतीवाला
रात्री परत सगळं वाचलं. काही गोष्टी मला पटत नाहीत आणि पटणार नाहीत. २०२१ च्या शेवटी संधी होती आणि पुष्कळांनी ती घालवली, हे मी बघितलंय, त्यावर मी ठाम आहे.

पण आमच्या जाहिरातीत ‘पदवीनंतर सहा महिन्यांपेक्षा जास्त गॅप चालणार नाही’ अशी ओळ आहे. ती माझ्या आधीपासूनची आहे आणि २०२० च्या मुलांचे महिने आम्ही जूनपासून मोजत होतो. मार्कशीटवरची तारीख नोव्हेंबरची असते, हे मी कधी पाहिलंच नाही. त्या बॅचसाठी ती ओळ काढायला सांगतो. गॅपबद्दल प्रश्न मात्र विचारणार.

ऑक्टोबरपास
विचारा. उत्तर ऐकून घेणार असाल तर कांद्याचंही सांगेन आणि वर्कशॉपचंही. पण ही ओळ चार वर्षांपूर्वी निघाली असती, तर आमच्यातल्या किती जणांचे अर्ज तुमच्या टेबलापर्यंत आले असते, याचा हिशोब तुम्हीच करा.

लाट_ओसरली
आणि कोविड सेंटरचा अनुभव?

भरतीवाला
दवाखान्यांची भरती माझ्याकडे नाही. माझ्याकडे असती तर धरला असता.

वधूपिता
परत लिहिणार नव्हतो. संध्याकाळी मुलीला फोन केला. तुझी पदवी कुठाय म्हणून विचारलं. ती म्हणाली, बाबा, तुमच्याच कपाटात आहे, साड्यांच्या खालच्या कप्प्यात, मी मागितली होती तेव्हा तुम्ही म्हणालात तिथे काय करायचीय. मला आठवत नाही, पण ती खोटं बोलणारी नाही. मग मी विचारलं, अजून शिकायचंय का. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, बीएडचे फॉर्म कधी सुटतात ते बघून सांगा.

कोणाला माहीत असेल तर लिहा.

तासिका_तत्त्व
काका, आधी सीईटी द्यावी लागते. तिचा फॉर्म वेगळा असतो. मला व्यक्तिगत निरोप टाका, मी भरून देतो.